खोट

थोरली कपबशा विसळता विसळता मोरीतच कोसळली. आईने धावत जाऊन तिचं मनगट चाचपलं. नाडी इतकी सावकाश चालली होती की दोन ठोक्यांच्या मध्ये आईचाच जीव थांबत होता. धडधडीवरची साधी गोळी सुरू करून चारच दिवस झाले होते.

इस्पितळात पोर शुद्धीवर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गोळी तिने जास्त घेतलेली नाही. काहींच्या यकृतातलं औषध मोडणारं विकर कामच करत नाही, मग रोजची गोळी अंगात साठत जाते. या गोळीचा अंमल उतरला की खोकल्याच्या औषधाचा एक डोस देऊ, आठ तासांची लघवी जमवू. किती औषध मोडलं, किती तसंच बाहेर पडलं, ते मोजलं की कळेल. घरात आणखी कुणाला असं झालंय?”

“कुणालाच नाही,” वडील तडकाफडकी म्हणाले.

बाहेर येताच त्यांनी आवाज दाबला. “तपासणी-बिपासणी नको. रक्तात खोट आहे असं कळलं तर धाकटीचं ठरलेलं लग्न मोडेल. तू तोंड उघडू नकोस.”

आईचा भाऊ अशाच गोळ्यांवर आठवड्याभरात गेला होता. तेव्हाही घरात एक लग्न ठरलेलं होतं, तिचंच. ‘हृदय कमजोर होतं’ म्हणून सगळे गप्प बसले आणि तिची पाठवणी झाली.

समोर बाकावर धाकटी बसली होती. उद्या सासरी हिला कुणी हीच गोळी दिली तर?

आई परत आत शिरली. “डॉक्टर, हे खोटं बोलले. माझा भाऊ असाच गेला. तपासणी करा, धाकटीचीही करा.”

“अगं, वेड लागलंय का तुला?” वडील मागून ओरडले.

“बाबा, मुलाकडच्यांना मीच कळवते,” मागोमाग आलेली धाकटी म्हणाली.

दोघींच्याही लघवीच्या बाटल्यांत औषध जवळजवळ न मोडताच उतरलं होतं. कोणती औषधं द्यायची नाहीत त्याची चिठ्ठी दोघींना मिळाली. हा आजार नव्हे, जपलं की झालं, असं डॉक्टरीणबाईंनी दहादा समजावलं. तरी मुलाकडून चौथ्या दिवशी नकार आला. वडील भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आईची भीती गेली नव्हती. तरी तिने बहिणीला फोन लावून भावाचं सगळं सांगितलं. “तुझ्या पोरांचीही तपासणी करून घे.”

“हळू बोल गं,” बहीण कुजबुजली, “घरात माणसं आहेत.”

“मग फोन त्यांच्याकडे दे,” आई म्हणाली.