मिटलेली करंगळी

काका क्रीमचं बिस्कीट उघडायचा, आतलं क्रीम जिभेने चाटूनपुसून साफ करायचा आणि कोरडी चकती परत ताटलीत ठेवायचा. खारूच्या अंगावर नुसता काटा यायचा. घरी एक वेळ ठीक, पण आज स्वारी हे सगळं स्टुडिओत, म्युझिक कंपनीच्या बाईंसमोर करत होती. शी!

बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांच्या गिटारच्या रेकॉर्डिंगमधून निवडक गाणी घेऊन कंपनी एक अल्बम काढत होती. अगदी पहिल्या बँडच्या कानठळ्या बसवणाऱ्या रॉकपासून ते शेवटच्या संथ, दुखऱ्या ब्लूजपर्यंत. स्टुडिओ काकाचा, गिटारही तो वाजवायचा, म्हणून निवड काकाची. नावही त्यानेच ठेवलेलं, 'अमर झंकार'. साबणाच्या वडीवर शोभलं असतं! आज शेवटचं ऐकणं होतं, म्हणून आई आणि खारूही आल्या होत्या. बाईंनी मान डोलावली की अल्बम बाजारात.

एकेक गाणं वाजत गेलं. ड्रम, बेस, गिटार सगळं एकमेकांत मिसळलेलं, कारण बाबा कधी वेगवेगळ्या खोल्यांत बसून रेकॉर्डिंग करायचे नाहीत. "एकमेकांची तोंडं दिसली पाहिजेत," हा त्यांचा हट्ट. काका त्यावरून त्यांची टर उडवायचा, "दादा, हा स्टुडिओ आहे, जेवणाची पंगत नाही!"

मग शेवटचं गाणं लागलं, बाबांनी आजारपणात वाजवलेलं. आई सावरून बसली. गिटारचा सोलो सुरू झाला आणि मांडीवर ताल धरलेला खारूचा हात जागच्या जागी थबकला.

बाबांची डावी करंगळी तरुणपणी दुकानाच्या शटरखाली चिरडली होती. ती कायमची मिटलेली. लांबच्या सुरापर्यंत बोट पोचायचं नाही, म्हणून ते शेजारचं बोट तारेवरून घसरत, विव्हळत तिथवर न्यायचे. लोक म्हणायचे, काय शैली आहे! बाबा म्हणायचे, "शैली कसली, शटर आहे ते." खारू त्यांचं बघून बघूनच शिकली होती. त्यामुळे स्वतःची करंगळी चांगली ठणठणीत असूनही तीसुद्धा ती मिटूनच वाजवायची. शाळेतले संगीताचे सर कपाळावर हात मारून घ्यायचे.

आणि इथे? सूर टुणटुण उड्या मारत चालले होते. कुठे घसरणं नाही की विव्हळणं नाही. चार धडधाकट बोटांचं काम!

गाणं संपलं. बाईंनी डोळे टिपले. "काय हात होता हो!"

"थँक्यू," काका म्हणाला.



"काका, तू कशाला थँक्यू म्हणालास?" खारूने विचारलं.

"अगं, भावाचं कौतुक म्हणजे..."

"हे बाबांनी वाजवलेलंच नाहीये. हे तू वाजवलंयस."

"खारू, मोठ्यांच्या मध्ये तोंड घालू नकोस."

"घालू दे," आई म्हणाली. "भाऊजी, ती काय विचारतेय?"

काकाने चाटलेली चकती उगाचच ताटलीत फिरवली. "वहिनी, त्या दिवशी दादाचे हात थरथरत होते हो. गिटार चिरकत होती. लोकांना ते ऐकवायचं? लाज राखली मी त्याची."

"मग बाबांचा सोलो कुठाय?"

"तो... त्याच ट्रॅकवर वाजवलं मी. खालचं पुसलं गेलं."

बाबांचं शेवटचं वाजवणं, आणि ते ओट्यावरचं सांडलेलं दूध पुसावं तसं पुसून टाकलं यानं! वर कौतुकही स्वतःच खिशात घालतोय!

बाई म्हणाल्या, "पण झालंय छान. कव्हरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत भावाचं नाव टाकू. लोकांना असलं भावुक फार आवडतं." खारूला आता बाईंचीही किळस आली.

ती यंत्रापाशी बसलेल्या रेकॉर्डिस्टकडे वळली. "दादा, काकाचा ट्रॅक बंद करा आणि गाणं लावा."

"अगं, मग राहील काय? खड्डा!" काका ओरडला.

"राहू दे खड्डा. बाबा नाहीयेत, तर खड्डा असणारच ना!"

रेकॉर्डिस्टने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. त्याने बटण दाबलं. नुसता ड्रम, नुसता बेस. आणि त्यांच्या मागे, शेजारच्या खोलीतून यावा इतका बारीक, एक सूर घसरत, थरथरत वर चढला. चिरकला. पुन्हा चढला.

"ड्रमच्या माइकमध्ये शिरलाय," रेकॉर्डिस्ट पुटपुटला. "सगळे एकाच खोलीत होते ना."

आईने तोंडावर पदर दाबला. खारूची करंगळी आपोआप मिटली.

"फारच बारीक येतंय हो," बाई कुरकुरल्या.

"बारीकच जाईल," आई म्हणाली. "जमत नसेल तर अल्बमच नको."

बाईंनी जरा वेळ ओठ चावले आणि मान डोलावली.

तेवढ्यात काका उठला, डोळ्यांत टचकन पाणी! "मी हेच सुचवणार होतो! आणि बघा हं, मी तो ट्रॅक पुसला म्हणून तर हे सापडलं!" आणि क्रीमने चिकट झालेला हात त्याने खारूच्या खांद्यावर ठेवला.

खारूने तो दोन बोटांनी उचलून बाजूला केला, मेलेली पाल उचलावी तसा.

"आधी त्या चकत्या खाऊन संपव, काका," ती म्हणाली. "जिथे तिथे उष्टं करून ठेवतोस."