अमरसिंहाच्या कागदांची पेटी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुमचे वडील समुद्रापलीकडच्या एका दवाखान्यात आहेत, त्यांच्या हाताला मोठी इजा झाली आहे, आणि उपचारासाठी हवा असलेला एक नंबर तुमच्या घरातल्या पेटीत आहे, असे समजा. आता डोळे उघडा आणि माझ्याकडे पाहा. ती पेटी मी आहे.

मी पत्र्याची, चांगलीच जुनी. चाळीस वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका कारागिराने मला ठोकून, वाकवून घडवले आणि कागलच्या हंबीररावांनी मला विकत घेतले. ते फिटर होते. माझ्या पोटात त्यांचे पाने, हातोडी, कानस असे. दर खंडेनवमीला ते मला पुसून पाटावर ठेवत आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे घरच्या आक्का, प्रत्येक हत्याराला ओल्या बोटाने हळदकुंकू लावत. ज्याच्यावर घर चालते त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, ही रीत मला फार आवडे.

हंबीरराव गेले आणि मी खाटेखाली गेले. माझ्यात कांदे पडले, मग तुटक्या चपला. सात वर्षे माझ्यावरून कुणी फडकेही फिरवले नाही.

मग त्यांचा मुलगा अमरसिंह वेल्डर म्हणून ओमानला निघाला. जाण्याआधी त्याने मला बाहेर काढले, गंज घासला आणि आतून पांढरा रंग दिला. नोकरीचा करार, पासपोर्टची प्रत आणि सगळ्यांत वर परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या विम्याचा कागद, असे सारे त्याने माझ्यात ठेवले.

"शालू, ह्यो इमा लई कामाचा हाय," तो बायकोला म्हणाला. "तिकडं काय झालं तर दवाखाना ह्याच्यावर. नंबर बघ, हितं कोपऱ्यात."

"जायच्या आधीच पडायझडायच्या गोष्टी कशाला रं?" आक्का म्हणाल्या.

"आक्का, हेल्मेट घातलं म्हणून डोस्क्यात दगड पडतोय व्हय?"

सगळे हसले. मला मात्र त्या माणसाचे कौतुक वाटले. घाईघाईत सगळे कागद एजंटाकडे सोडून विमानात बसणारे पुष्कळ असतात. याने घराचा विचार केला होता. एक चूक त्याच्याकडूनही झाली. कागद घरीच नीट राहतील म्हणून त्याने विम्याची प्रत सोबत नेली नाही.

खंडेनवमी आली. आक्कांनी मला पुन्हा पाटावर ठेवले.

"आत्याबाई, हत्यारं कुठं हायत ह्यात?" शालूबाईंनी विचारले.

"त्याची हत्यारं ऱ्हायली ओमानात. हितं त्याची कागदंच हत्यारं की."

असे म्हणून त्यांनी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचे ओले बोट टेकवले आणि झाकण दाबून लावले. मी गच्च भरलेली होते. वरचा ओला कागद माझ्या झाकणाला चिकटून वाळला. पुढच्या वर्षीही तसेच झाले. त्या मायेच्या बोटाखाली काय झाकले जात होते, ते कुणाच्याच ध्यानात आले नाही.

यंदा नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. ओमानात अमरसिंहाच्याच खोलीत राहणारा, गारगोटीचा सम्राट नावाचा मित्र बोलत होता. "वैनी, घाबरू नगा. दादाचा उजवा हात मशिनीत सापडलाय. इम्याचा नंबर आज मिळाला तर उद्या आपरेशन करत्यात. उशीर झाला तर बोटं वाचतील का न्हाय, डॉक्टर सांगंना."

शालूबाईंनी मला उघडले. विम्याच्या कोपऱ्यात नंबर नव्हता. तिथे लालपिवळा डाग होता.

त्यांनी कागदाच्या तळाशी छापलेल्या विम्याच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या बाई धीराच्या होत्या. "ताई, रडू नका. पासपोर्टवरून आम्ही शोधतोच, पण त्याला दोन दिवस लागतील. नंबर असेल तर पाच मिनिटांत दवाखान्याला कळवते."

आक्कांनी डागाकडे आणि मग आपल्या बोटाकडे पाहिले. "माझ्याच बोटानं लेकाचा हात घालवला मी."

अमरसिंहाची अकरा वर्षांची मुलगी संयोगिता माझ्यापाशी उभी होती. तिने झाकणाच्या आतल्या पांढऱ्या रंगाकडे निरखून पाहिले.

"आई, हितं कायतरी उमटलंय."

"गंज असंल गं," आक्का म्हणाल्या.

"गंज निळा असतोय व्हय?"

कागदाची शाई ओलेपणाने माझ्या अंगावर उतरली होती, पण उलटी. संयोगिताने आक्कांच्या कुंकवाच्या करंड्यातला छोटा आरसा काढला आणि माझ्यासमोर धरला. एकेक आकडा सुलटा होऊन दिसू लागला. एक पुसट होता, तीन की आठ ते कळेना. तिने मुळीच अंदाज केला नाही. "दोन्ही सांगते, तुम्ही बघा," असे ती फोनवर म्हणाली. तीन जुळला नाही. आठ जुळला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झाले. दवाखाना, औषधे, बरे झाल्यावर घरी येण्याची सोय, सगळे त्या विम्यातून होणार असे केंद्रातल्या बाईंनी कळवले. अष्टमीच्या सकाळी फोनच्या पडद्यावर अमरसिंहाने बँडेजमधली बोटे हळूच हलवून दाखवली. आक्कांनी ती पाच वेळा मोजली.

मित्रांनो, दूर देशी राबणाऱ्या माणसामागे एक कागद किती खंबीरपणे उभा राहतो, हे मी पाहिले. त्याची पूजा जरूर करा, पण आधी तो वाचा, आणि त्याचा नंबर आणखी एका ठिकाणी लिहून ठेवा.

"उद्या खंडेनवमी. आता पेटीला हात लावू का नगो?" आक्कांनी दबकत विचारले.

"लाव की, आक्काआज्जी. पण झाकणाच्या वरनं."

एवढे बोलून संयोगिताने वही-पेन घेतले. आमच्या गल्लीतल्या आणखी तीन घरांतली माणसे परदेशात आहेत. तिने समोरच्याच पहिल्या दाराची कडी वाजवली. बाळाबाई हळदीच्या हातानेच बाहेर आल्या. त्यांचा मुलगा कुवेतला असतो.

"काय गं पोरी?"

"काकू, उद्या कागदांस्नी कुंकू लावायच्या आधी," संयोगिता वही उघडत म्हणाली, "मला नंबर लिवून घिऊ द्या."