देव्हाऱ्यातलं लायसन

मित्रांनो, देव्हाऱ्यात बसून नैवेद्य दाखवून घेतलेला परवाना तुम्ही पाहिला आहे का? नसेलच पाहिला. मी तसा एक जुना परवाना आहे, गाडी चालवण्याचा. कागदोपत्री माझं नाव भारदस्त आहे, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. सगळे लायसनच म्हणतात. रंगुबाई मात्र मला ‘सोनीचं कारड’ म्हणायच्या आणि रोज हात जोडायच्या. त्या हात जोडण्यानेच मी मरता मरता वाचलो. की मरायला टेकलो? ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म सांगलीचा. दहा वर्षांपूर्वी एका यंत्राने माझ्या कोऱ्या अंगावर नंबर, नाव, तारीख आणि फोटो उमटवला. पाठीवर पुन्हा तोच नंबर, आणि कोणती गाडी कधीपासून चालवायची मुभा आहे ते. फोटोत एकोणीस वर्षांची सोनम होती, नुकत्याच जन्मलेल्या कोकरासारखी डोळे मोठे करून बसलेली.

तिचं घर आटपाडीच्या माळावरचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. लायसनच्या चाचणीत तिने गाडी आठाच्या आकड्यात फिरवून दाखवली त्या दिवशी तिचे वडील कोंडीबा कुंपणाला टेकून उभे होते. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा दंड धरून ते म्हणाले, “मेंढरं वळवावी तशी वळीवली रं पोरीनं! एक बी खांब हलू दिला न्हाई.” तो माणूस स्वतःच्या मुलाच्या चाचणीला आला होता आणि त्याच्या मुलाने दोन खांब पाडले होते. त्यामुळे त्याने हळूच दंड सोडवून घेतला.

पुढची सात वर्षं माझ्या उमेदीची. सोनम सांगलीत नर्सिंग शिकली, कोंडीबांच्या ओळखीच्या विष्णुपंत मास्तरांच्या घरी, मागच्या खोलीत राहून. नंतर साताऱ्यातल्या एका दवाखान्यात लागली. ड्रायव्हरने दांडी मारली की दवाखान्याची गाडी तीच काढायची. महाबळेश्वरच्या घाटात धुकं इतकं दाट उतरायचं, की पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसायचे नाहीत. अशा वेळी मी तिच्या पर्समध्ये रुमालाखाली बसून श्वास रोखायचो. एकदा पोलिसाने अडवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “फोटोत घाबरलाय, गाडीत न्हाई. जावा.” माझं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं. एरवी माणसांना माझी आठवण दोनदाच येते. एक पोलिसाने हात केला की, आणि दुसरी भावकीत कुणाला फुकट ड्रायव्हर हवा असला की.

तीन वर्षांपूर्वी सोनम कॅनडात गेली, एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला. जाताना मला आईच्या हातात दिलं. “आई, तिथं आश्रमातच राहायचं हाय, गाडी कुठली चालवायची? हरवंल बिरवंल. जपून ठेव.”

जपून ठेवायची जागा रंगुबाईंना एकच ठाऊक. त्यांनी मला बिरोबाच्या टाकाशेजारी पाटावर उताणा निजवला.

आता त्यांच्या घरचा रिवाज ऐका. खंडेनवमीला लोकर कातरायची कातर, कोयता, कोंडीबांची काठी अशी सगळी हत्यारं घोंगडीवर मांडून पुजतात. त्यांच्यात मीही आलो. मला भंडारा लागला, म्हणजे देवाची हळद. कातर माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहत होती. आयुष्यभर राबून तिला जो मान मिळाला, तो मला नुसतं निजून मिळाला. इथवर ठीक होतं. पण रंगुबाई दर अमावास्येला देव घासायच्या, चिंच आणि राख लावून. देव घासायचे आणि लेकीचं कार्ड मळकं ठेवायचं, हे कोणत्या आईला जमेल? पहिल्या अमावास्येला माझी तारीख गेली. चौथीला नाव. वर्षभरात सोनमचे ते मोठे डोळे पुसले गेले आणि नंबर ओळखीपुरता उरला. पुढे तोही गेला. मी तोंडाने ओरडू शकत नव्हतो, आणि रंगुबाईंना अक्षर येत नव्हतं. उलट दर वेळी त्या मला उन्हात धरून म्हणायच्या, “बगा, कसं लखलखतंय!”

मग गेल्या महिन्यात, मंगळवारी, फोन आला. कोंडीबांचा फोन बटणांचा. त्यातून आवाज येतो, चित्र येत नाही. सोनम घाईत होती.

“आबा, मला चांगलं काम मिळालंय. म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी जाऊन बघायचं. पण गाडी चालवता आली पाहिजे. हितलं लायसन काढायचं तर जुनं लायसन समोर ठेवावं लागतं. परीक्षा द्यायची, आणि आपलं देऊन त्यांचं घ्यायचं.”

“म्हंजी अदलाबदल,” कोंडीबा म्हणाले. त्यांना ते लगेच पटलं. खतासाठी मेंढरं दुसऱ्याच्या शेतात बसवून धान्य घेणाऱ्या माणसाला देवघेव शिकवावी लागत नाही.

“व्हय. आणि माझं लायसन धा वर्सांचं हाय हे सांगणारं सांगलीच्या कचेरीचं पत्र बी लागतंय, न्हाईतर शिकाऊ म्हणून पयल्यापासनं सुरू. पत्राचा अर्ज मी हितनं केलाय, ते तयार हाय. तुमी मूळ लायसन दाखवायचं आणि पत्र घ्यायचं. पंतांची लेक अबोली सुट्टी संपवून गुरुवारी हिकडं कॅनडात परत निघतीय, तिच्याजवळ दोन्ही द्यायचं. सोमवारी माझी वेळ हाय. चुकली तर ते दुसरी बाई घेणार. आश्रमातलं काम मी सोडलंय आबा.”

शेवटचं वाक्य ती हळू बोलली. मग म्हणाली, “आई, लायसन नीट हाय न्हवं?”

“आगं, देवाजवळ हाय! तुझ्या जलमात न्हवतं एवढं सवच्छ हाय!”

मित्रांनो, पाय असते तर त्या क्षणी मी पाटावरून उडी मारून विहिरीत पडलो असतो.

गुरुवारी सकाळच्या एसटीने दोघं निघाले. मी रंगुबाईंच्या कमरेच्या पिशवीत, भंडाऱ्याच्या पुडीशेजारी. दुपारी दीडला विष्णुपंतांच्या घरी पोचलो. पंत शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. अबोलीच्या बॅगा दारात भरून ठेवलेल्या होत्या आणि तिची गाडी साडेपाचला मुंबईला निघणार होती. पंतांनी चष्मा लावून मला हातात घेतलं. उलटं केलं. सुलटं केलं. खिडकीपाशी नेलं.

“अहो कोंडीबा, लायसन कुठाय?”

“तुमच्या हातात की!”

“हे तर कोरं आहे.”

“कोरं कसं? फोटू हाय, नाव हाय…”

“होतं. आता नाही.” पंतांनी मला नाकाजवळ नेलं. “याला चिंचेचा वास कसा येतोय?”

कोंडीबांनी बायकोकडे पाहिलं. रंगुबाईंचा हात पदरापाशी गेला आणि तिथेच राहिला.

“घासलंस?”

“देव घासती, तवा…”

“आगं, देवाला काय गाडी चालवायची हाय व्हय!”

पंत म्हणाले, “भांडण बसमध्ये करा. खिडकी पाचला बंद होते.”

कचेरीत पोचेपर्यंत तीन वाजले. रांगेत पंचवीस माणसं. अर्धी लायसनसाठी आलेली आणि ती सगळी स्वतःच गाडी चालवत आलेली. त्यावर कोणालाच काही वाटत नव्हतं. चार वाजून दहा मिनिटांनी आमचा नंबर लागला. खिडकीतल्या बाईंनी पत्र काढलं. शिक्का होता, सही होती. मग त्यांनी मला घेतलं आणि पत्र पुन्हा फाईलखाली सरकवलं.

“यावर काय वाचू मी?”

पंतांनी मोबाईल पुढे केला. “सोनमने फोटो पाठवलाय बघा. लायसन धडधाकट होतं तेव्हाचा.”

“फोटोतलं लायसन आणि हे लायसन एकच, कशावरून? उद्या कोणीही कोरं प्लास्टिक आणून ठेवील. काका, माझी सही आहे खाली.” बाई चढ्या आवाजात बोलल्या नाहीत, हेच वाईट होतं. चढ्या आवाजाला माणसं उत्तर देतात. “दुसरी प्रत काढा. टपालाने येईल.”

“कवा?” कोंडीबांनी विचारलं.

“दोन-तीन आठवडे धरा.”

कोंडीबा खिडकीच्या कडेला धरून उभे राहिले. घाटात, पावसात, मेंढरं हरवल्यावरही त्यांचा असा चेहरा झाला नसेल. “सोमवारी हाय वं,” एवढंच म्हणाले.

आणि मित्रांनो, इथे मला माझं मरण दोन्ही बाजूंनी दिसत होतं. पत्र मिळालं तर मी परदेशी कचेरीच्या खणात जाणार. नाही मिळालं तर दुसरी प्रत आली की कात्रीखाली. पण फोटोतली ती पोर माझ्या अंगावर सात-आठ वर्षं राहिली होती. तिचं काम माझ्यापायी जावं, हे मला सहन होईना.

बाईंनी मला परत ढकललं, तेव्हा मी लाकडी फळीवर पालथा पडलो.

माझी पाठ कोणी पाहिलीच नव्हती. तीन वर्षं मी पाटावर उताणा होतो. सांडलेला भंडारा आणि समईचं तेल माझ्याखाली झिरपून पाठीवर घट्ट पिवळी खपली धरली होती. रंगुबाईंनी घासलं ते फक्त तोंड. देवाच्या टाकाची पाठ तरी कोण घासतं?

“हे काय लागलंय?” बाईंनी विचारलं.

“भंडारा,” रंगुबाई म्हणाल्या. कचेरीत आल्यापासूनचा त्यांचा हा पहिला शब्द. “बाई, ह्याच्या खाली काय असतंय वं?”

बाई थांबल्या. “नंबर असतो. आणि तारीख.”

कोंडीबांनी लगेच मला उचललं, घोंगडीचं टोक हातात घेतलं. खरखरीत, काळी घोंगडी! माझ्या अंगावर काटा आला. रंगुबाईंनी त्यांच्या मनगटावर चापट मारली.

“सोडा ते. घासायचं न्हाई.”

“तू सांगतीस व्हय आता, घासू नगं म्हनून?”

“मीच सांगनार. मला कळलंय न्हवं.”

त्यांनी आपल्या अंबाड्यात दोन बोटं घातली. बोटांना तेल लागलं. ते तेल माझ्या पाठीवर टेकवलं आणि तशाच थांबल्या. मागे रांग कुरकुरली. कोणीतरी म्हणालं, “आवं मावशे, हितं काय अभिषेक चाललाय?” पंत हेडमास्तरी आवाजात मागे वळून म्हणाले, “शांत!” आणि खरोखर सगळे शांत झाले.

घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती. रंगुबाईंनी पदराचं मऊ झालेलं टोक घेतलं आणि ओलं कोकरू टिपावं तसं टिपायला लागल्या. दाब नाही, घाई नाही. थोडी हळद पदराला आली. पुन्हा अंबाड्यातलं तेल, पुन्हा टिपणं. मला जाणवत होतं की खपलीबरोबर माझी शाईही सुटू पाहतेय. एक जादा हात फिरला असता तर संपलंच होतं. पण तो हात फिरला नाही.

“थांबा,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीतून उठून खिडकीशी आल्या. पडद्यावरचा नंबर त्या एकेक करून म्हणू लागल्या आणि पंत माझ्या पाठीवरून वाचू लागले. शून्य. शून्य. चार. सात. शेवटच्या आकड्यावर हळद होती.

“तीन आहे की आठ?” पंत म्हणाले.

रंगुबाईंनी एकदाच टिपलं.

“आठ.”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग फाईल उचलली, पत्र काढलं आणि कोंडीबांपुढे ठेवलं. “इथं अंगठा द्या. आणि मावशी, आता घरी गेल्यावर याला देव्हाऱ्यात ठेवू नका.”

“न्हाई वं बाई. ते आता चाललंय.”

साडेपाचला अबोलीच्या गाडीचं दार लागत होतं तेव्हा पंत धापा टाकत पोचले. मी तिच्या पासपोर्टात गेलो. रंगुबाई मागून रिक्षातून उतरल्या, पण त्यांना हात लावायला मी राहिलो नव्हतो. त्या रस्त्यावर उभ्या राहून पिवळ्या पदराकडे पाहत होत्या. एवढं मला काचेतून दिसलं.

सोमवारी मी सोनमच्या हातात होतो. तिने माझं कोरं तोंड पाहिलं आणि आधी हसली, मग खिडकीपलीकडच्या बाईंना पाठ दाखवली, पत्र दाखवलं. त्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं, मला उजेडात धरलं, आणि हा पिवळा रंग कसला म्हणून विचारलं. सोनमने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. काय सांगितलं कोण जाणे. बाईंनी मला दोन बोटांऐवजी दोन्ही हातांनी धरलं. परीक्षा झाली, गाडी चालवून झाली. दुपारी तिला नवं कार्ड मिळालं. करकरीत, टोकदार, स्वतःवर खूश. मीही एके काळी तसाच होतो.

मला खणात टाकण्याआधी सोनमने एकदा मागून घेतलं. माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि तोच अंगठा नकळत नव्या कार्डाच्या कडेला टेकला. तिथे पिवळा ठसा उमटला. त्या पोरट्या कार्डाला काय कळणार? ते बिचकलं असेल.

खण बंद होताना मी पाहिलं, सोनमने रुमाल काढला होता, आणि तो ठसा न पुसता रुमाल परत ठेवला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं काही असेल, कुणाचं कार्ड, कुणाचं प्रमाणपत्र, कुणाचं जुनं पत्र, तर त्याला एवढंही पुजू नका की त्याचं तोंडच उरणार नाही. अधूनमधून हातात घ्या, वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. आणि मळलंच कधी, तर रंगुबाईंनी त्या खिडकीपाशी जे शिकून घेतलं ते लक्षात ठेवा: घासायचं न्हाई. टिपायचं.