फोटोत नसलेली आई

कामिनी मॅडमनी सहावीच्या वर्गात शनिवारची गोष्ट सुरू केली, तेव्हा दुर्गेशला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. मुलांनी घरच्या मोबाइलवर एक फोटो काढायचा, तो वर्गाच्या ऑनलाइन अल्बममध्ये टाकायचा आणि त्यामागची गोष्ट आपल्या आवाजात रेकॉर्ड करून त्याला जोडायची. शनिवारी मॅडम फोटो वर्गातल्या पडद्यावर लावत, गोष्ट ऐकवत आणि मग पोरं प्रश्न विचारत. लिंक पालकांच्या ग्रुपवर आली तशी दुर्गेशनं उघडून पाहिली, अर्णव नावाच्या पोरानं सांगितलेली आजोबांच्या स्कूटरची गोष्ट ऐकली आणि मोबाइल खिशात टाकला.

मग त्याच्या वैभवीची पहिली गोष्ट आली. दुर्गेश कळमेश्वरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता त्यानं फोन कानाला लावला. फोटोत वैभवी आरशाकडे पाठ करून उभी होती, पाठीवर लांब वेणी.

"ही माझी वेणी," ती शाळेतल्या शुद्ध भाषेत सांगत होती. "माझी आई रोज सकाळी मला पुढ्यात बसवून वेणी घालते. इतकी घट्ट घालते की डोळे ताणले जातात. मी कुरकुर केली की म्हणते, शाळेत सुटली तर मला सांगायला येऊ नकोस."

रीनाला मस्कतला जाऊन वर्ष उलटलं होतं. ती तिथे एका घरात, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करायला राहिली होती. वेणी दुर्गेश घालत होता.

सुरुवातीला त्याच्या बोटांतून केस सुटून जात. रीना तिकडून व्हिडिओवर सांगायची, डावीकडची बट वर घ्या, आता मधली. तरी वेणी वाकडीच व्हायची आणि वैभवी शाळेच्या फाटकाशी ती सोडून नुसतं रबर लावायची. आता कुठे ती सरळ येऊ लागली होती. आणि पोरीनं सगळ्या वर्गाला सांगितलं, आई घालते. दुर्गेशला आधी हसू आलं. मग घास तोंडातच फिरत राहिला.

प्रताप नगरातल्या दोन खोल्यांच्या घरी तो संध्याकाळी पोचला, तेव्हा वैभवी गणितं सोडवत बसली होती. गोष्ट कशी झाली, त्यानं विचारलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ती म्हणाली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. वेणी आई घालते असं का सांगितलंस, हे मात्र त्यानं विचारलं नाही.

पुढच्या गोष्टीत ताटातला गोळाभात होता, भातावर डाळीचे वाफवलेले गोळे. वरून तेलाची धार सोडलेली, शेजारी लिंबाची फोड. आईचे गोळे कधीच फुटत नाहीत, वैभवी म्हणाली. दुर्गेशचे अर्धे फुटले होते. फोटोत तिनं अख्खे तेवढे पुढे सरकवून घेतले होते. त्यानंतर इतवारी बाजाराची गोष्ट आली. बाप-लेक नवा डबा घ्यायला गेले असताना तिनं भांड्यांच्या गल्लीचा फोटो काढला होता.

"दुकानदार भाव कमी करेना," गोष्टीत ती सांगत होती, "म्हणून आई माझा हात धरून सरळ चालायला लागली. मागे बघू नको म्हणाली. आम्ही दोन दुकानं पुढे गेलो आणि त्यानं हाक मारली."

दुर्गेशनं तर दुकानदारानं सांगितले तेवढे पैसे देऊन टाकले होते. पण हे चालायला लागणं हुबेहूब रीनाचं होतं. मान जराशी कलती, पावलं मुद्दाम सावकाश, ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू. हातगाड्यांच्या गर्दीतून ती पुढे निघाली आहे आणि आपण मागे पिशव्या सांभाळत आहोत, असं त्याला लख्ख दिसलं. त्यानं ती गोष्ट पुन्हा ऐकली. बसमध्ये घरी येताना आणखी एकदा. त्या दिवसापासून तोही शनिवारची वाट पाहू लागला.

पालकसभेत कामिनी मॅडमनी वैभवीचं फार कौतुक केलं. तिच्या आईला एकदा वर्गात घेऊन या, म्हणाल्या, पोरींना त्यांना बघायचं आहे. रीना मस्कतला आहे, हे दुर्गेशला सांगावंच लागलं. गोष्ट मनानं रचायला हरकत नाही, पण पोरं ती खरी धरून चालली आहेत. एखाद्या दिवशी कोणी तरी घरी येईल आणि वैभवीची फजिती होईल, असं मॅडमनी समजावलं. तिच्याशी हळूच बोलू का, असंही विचारलं.

"राहू द्या मॅडम," दुर्गेश म्हणाला. "सांगेल तिची ती."

रीना मात्र लिंकसाठी मागे लागली होती. कधी नेट चालत नाही, कधी सापडत नाही, असं सांगून तो टाळत आला होता. एका शुक्रवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, तिनं सरळच विचारलं की माझ्यापासून काय लपवून राहिले? मग त्यानं लिंक पाठवली. वैभवी शिकवणीला गेली होती. बऱ्याच वेळानं फोन वाजला.

"मी घरीच आहे म्हणते पोरगी," रीना म्हणाली.

"हो."

"तुमाले माहीत होतं. मंग थांबवलं काहून नाही?"

दुर्गेश खिडकीशी जाऊन उभा राहिला. "मले बी ऐकाले बरं वाटे," तो म्हणाला. "तिची गोष्ट संपेपर्यंत तू घरी राहत होती."

फोन ठेवण्याआधी रीनानं मॅडमचा नंबर तेवढा मागून घेतला.

पुढच्या शनिवारी अल्बममध्ये एक फोटो आला, तो कोणा मुलानं टाकलेला नव्हता. लहानशी खिडकी, दोरीवर वाळत घातलेला निळा गाऊन, मागे झाड नसलेला उघडा तपकिरी डोंगर. दुर्गेशनं डबा बाजूला ठेवला.

"पोरंहो, मी वैभवीची आई," रीनाचा आवाज आला. "मी मस्कतले आहे. ही माझ्या खोलीची खिडकी. वैभवी सांगते तसं मी करत होती, तिचं काही खोटं नाही. आता तिची वेणी तिचे बाबा घालतात. गोळे बी तेच करतात. मले घरी राहाचं आहे म्हणून तिनं मले घरी ठेवलं. तिले कोणी हसू नका."

कारखान्याचा भोंगा झाला. दुर्गेश जागचा हलला नाही, तेव्हा सोबतच्या सुशीलनं त्याच्या खांद्याला हात लावला.

वर्गात कोणी हसलं नाही, हे मॅडमनी फोन करून कळवलं. सोनिका नावाच्या मुलीनं उठून सांगितलं, माझे बाबा पण पुण्याला असतात. पण वैभवी घरी आली ती दप्तर न काढताच त्याच्यासमोर उभी राहिली.

"आईले लिंक कोणं पाठवली?"

"मी."

ती आत गेली आणि दार लावून बसली. जेवली नाही. आईचा फोन आला तोही घेतला नाही. रविवारी बापाशी कामापुरतं बोलली. आपण तिच्याकडून काय हिसकावून घेतलं, हे दुर्गेशला त्या दोन खोल्यांत फिरताना कळत होतं, पण परत द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं.

ती आता फोटो टाकणार नाही, असंच त्याला वाटलं होतं. पण तिनं टाकला. घरासमोरची रिकामी गल्ली.

"आई गेली तेव्हा टॅक्सी इथे उभी होती," वैभवी सांगत होती. या वेळी ती अडखळत होती. "आई माझ्याजवळ आली. तिनं मला हाक मारली. मी जागी होते, पण डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, मी उठलेच नाही तर ती मला भेटल्याशिवाय जाणार नाही. ती थांबली होती. मग बाबा म्हणाले, झोपू दे तिले. आणि ती गेली."

दुर्गेशला ती सकाळ आठवली. हातात बॅग, गल्लीत हॉर्न, उंबऱ्यात घुटमळणारी रीना. पोरीची झोप मोडू नये म्हणून तो तसं म्हणाला होता.

संध्याकाळी रीनाचा फोन आला. तिनं गोष्ट ऐकली होती. दुसरं काहीही न बोलता तिनं वैभवीला फोन द्यायला सांगितलं. या वेळी पोरीनं तो घेतला आणि मागच्या अंगणात गेली. दुर्गेश भाजी चिरत बसला. शब्द कळत नव्हते. बराच वेळ रडणं आलं, मग कुजबुज, मग मध्येच एकदा खुदकन हसणं. भाजी शिजली, भात झाला, तरी दोघींचं चाललंच होतं.

वैभवी आत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. आई पुढचा उन्हाळा सरल्यावर येणार आहे, तिनं सांगितलं. हे दुर्गेशला ठाऊक होतं. पण पोरीच्या तोंडून ते त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

"मले म्हणे, आता सांगशील तर खरंच सांग, मी इथून ऐकून राहिली," ती म्हणाली आणि ताटं मांडू लागली.

माझ्याविषयी काही म्हणाली का, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं विचारलं नाही. चार्जिंगला लावायला फोन हातात घेतला, तर इतक्या बोलण्यानं तो चांगलाच तापला होता. दुर्गेशनं तो लगेच लावला नाही. वैभवी जेवायला हाक मारेपर्यंत तसाच तळहातात धरून तो उभा राहिला.