माणूस परत आला

डोक्यात गाठ असलेल्यांचा तो गट महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचा. गाठ साधी, म्हणजे कॅन्सरची नव्हे. पण 'साधी' हा शब्द त्या खोलीत कुणी उच्चारला की बाकीचे त्याच्याकडे असे बघत, की तो पुन्हा त्या वाटेला जात नसे. साध्या गाठीने कुणाचा कान नेला होता, कुणाची नोकरी. नातेवाईक मात्र सांगून मोकळे झाले होते, कॅन्सर नाही ना, मग झालं तर. गट चालवायच्या त्या सिस्टरबाई. जन्म दवाखान्यात काढलेल्या निवृत्त नर्स, जिभेला धार आणि मनाने मऊ. ऑपरेशन होऊन कुणी खोलीत परतलं, की त्याच्या घरच्याने उभं राहून 'माणूस परत आला' एवढं म्हणायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी तिथली रीत होती.

गटात नव्याने येऊ लागलेल्या एका बाईला त्या टाळ्यांची धास्ती वाटायची.

तिचा नवरा कारखान्यात तयार मालाची तपासणी करायचा. कामगार त्याला पाठीमागे 'मायक्रोमीटर' म्हणत. सुट्या भागाच्या कडेवरून अंगठा फिरवून तो खोट काढायचा, आणि तोच अंगठा संध्याकाळी घरी घेऊन यायचा. कपाची कड, खिडकीची चौकट, मुलीच्या वहीचं कव्हर, त्यातून काही म्हणून सुटत नसे. मग एकच शब्द, "बघ." हात त्याने कधी उगारला नाही, तशी गरजच पडत नव्हती. मुलगी शिकायला वसतिगृहात गेली ती सुट्टीतही घरी यायचं टाळू लागली. स्वभावाला औषध नाही, असं मनाशी म्हणत हिने संसार रेटला.

आणि चारेक वर्षांपूर्वी तो निवळायला लागला. आधी अंगठा थांबला. मग करपलेलं खाऊन "छान झालंय" म्हणू लागला. एकदा छत्री कुठेतरी विसरून नखशिखान्त भिजून आला आणि दारात हसत उभा राहिला. दुपारी सोफ्यावर तासन् तास झोपायचा, उठला की तिला विचारायचा, "दमलीस का गं?" एवढ्या संसारात हा प्रश्न तिने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली. मुलगी घरी येऊ लागली. बापलेक पत्ते कुटत बसत, तो सारखा हरायचा, आणि हरल्याचं त्याला काही वाटायचं नाही. वयाने शहाणपण आलं हो, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली.

कसलं शहाणपण. कपाळामागे लिंबाएवढी गाठ होती. डोकं फार दुखायला लागलं म्हणून तपासलं, तेव्हा सापडली. बरीच वर्षं वाढत असावी, डॉक्टर म्हणाले, आणि स्वभावात काही फरक जाणवला का, असं त्यांनी विचारलं. ती चक्क नाही म्हणाली. स्वभावाला औषध नसतं म्हणतात. इथे चांगला स्वभाव हेच दुखणं निघालं होतं, आणि त्याला नेमकं औषध होतं.

ऑपरेशनची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली. एकदा मुलीची परीक्षा आडवी घातली, एकदा स्वतःची कंबर. दुसऱ्या खेपेला सिस्टरबाईंनी तिला वाचनालयाच्या जिन्यात गाठलं आणि खरं काय ते विचारलं. तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. मला हाच नवरा हवाय, म्हणाली, आधीचा नको.

सिस्टरबाई रागावल्या नाहीत. "अगं, गाठ काय तुझ्यासाठी आहे तेवढीच राहणारे का?" त्या म्हणाल्या. "आधी त्याचे डोळे जातील, मग शुद्ध. हासुद्धा तुझ्या हाताला लागायचा नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. तिने सही केली. ऑपरेशनला नेताना त्याने तिचा हात धरला आणि "तू काही खाल्लंस का?" असं विचारलं. आपण या माणसाला आपल्याच हाताने घालवतोय, असं तिला वाटलं.

ऑपरेशन उत्तम झालं. त्याला बसता यायला लागल्यावर तिने चहा दिला. त्याने कप घेतला, आणि ओठांना लावण्याआधी त्याचा अंगठा कडेवरून सावकाश फिरला. डॉक्टर खूश झाले. लक्ष किती छान परतलंय बघा, म्हणाले. संध्याकाळी मुलीचा फोन आला. बाबा कसे आहेत, असं तिने विचारलंच नाही. "आई, कुठले बाबा आहेत?" असं विचारलं. आईने फक्त कपाचं सांगितलं. बरं, पुढच्या महिन्यात बघते यायला जमतं का, म्हणत मुलीने फोन ठेवला.

मग गटाचा दिवस आला. निघताना त्याने तिची पिशवी रिकामी केली आणि स्वतः पुन्हा भरून दिली. वरची खोली गच्च भरली होती. रीतीप्रमाणे तिने उठायचं, पण तोच आधी उभा राहिला.

"मला बोलायचंय," तो म्हणाला. "गेली चार वर्षं मी घरात असून नसल्यासारखा होतो. नुसता झोपायचो, उगाच हसायचो. कशाचं भान नव्हतं. सगळं हिच्या अंगावर पडलं. मला हिची माफी मागायचीय." त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. मग तो तिच्याकडे वळला. "आता तू काळजी करू नकोस. सगळं अगदी पूर्वीसारखं होईल."

जन्मात त्याने मागितलेली ही पहिली माफी, आणि ती नेमकी तिच्या सुखाच्या वर्षांबद्दल. टाळ्यांचा कडकडाट झाला, एकदोघांनी डोळे पुसले. सिस्टरबाई तेवढ्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

आता तिची पाळी होती. तीनच शब्द म्हणायचे होते. ती उभी राहिली. त्याच्यावर रागवावं तर बिचारा मनापासून बोलला होता. शोक करावा तर माणूस समोर धडधाकट बसलेला. टाळ्यांसाठी लोकांचे हात वर आले होते.

"मी दमलेय," ती म्हणाली.

हे तिला कुणी विचारलं नव्हतं. वर आलेले हात हळूच खाली गेले. तो तिच्याकडे गोंधळून बघत राहिला. मग तिला काहीतरी द्यावं असं त्याला वाटलं असावं. "बस ना मग, चहा घे," म्हणत त्याने टेबलावरचा कप उचलला, आणि तिच्यापुढे करण्याआधी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.