उजव्या भुवईवरचा व्रण

मी एक जुना ब्लॉक आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल, कारण वर्तमानपत्रात फोटो छापायला आता माझी गरज पडत नाही. तळहाताएवढा जस्ताचा पत्रा, त्याखाली ठोकलेला लाकडी ठोकळा आणि पत्र्यावर एका तरुणाचा चेहरा, एवढाच माझा पसारा.

आधी मी कोरा होतो. माझ्यावर मसाला लावून त्या तरुणाच्या फोटोची निगेटिव्ह ठेवली, प्रखर दिव्याखाली धरले आणि मग तेजाबात बुडवले. तेजाबाने माझे अंग खाल्ले आणि उरले ते फक्त ठिपके, गालावर बारीक आणि केसांत जाड. दुखले का, असे तुम्ही विचाराल. नाही दुखले. मला काहीच वाटले नाही आणि ती सवय पुढे कायमची लागली.

छापखान्यात ब्लॉक करणारा कारागीर तेव्हा आजारी होता. त्याच्या जागी मालकांचे जावई उभे राहिले. सगळे त्यांना जावईबापू म्हणत, तोंडावर आदराने आणि पाठीमागे वेगळ्या सुरात. त्यांना कामाची हौस दांडगी. निगेटिव्ह पत्र्यावर पालथी ठेवायची असते, त्यांनी ती उताणी ठेवली. मग मला धुऊन पुसून फोटोशेजारी धरले आणि अगदी हुबेहूब उतरलाय म्हणाले. ते खोटे नव्हते. पण ब्लॉक फोटोसारखा दिसून चालत नाही. तो आरशातल्यासारखा उलटा असावा लागतो, तेव्हा कुठे चेहरा कागदावर सुलटा उमटतो. मी आधीच सुलटा होतो, म्हणजे कागदावर उलटा उमटणार होतो. पण पान मशीनवर चढवायची घाई होती आणि जावईबापूंना सांगणार कोण? पानाची अक्षरे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने मला शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे अक्षरांच्या, ओळींत घट्ट बसवले आणि शाईचा रूळ माझ्यावरून फिरला. फोटो फार स्वच्छ आला म्हणून जावईबापूंची पाठही थोपटली गेली.

माझ्याखाली 'हरवला आहे' असे छापले होते. डोक्याला मार लागून त्या तरुणाची आठवण गेली होती आणि तो दवाखान्यातून कुणाला न सांगता निघून गेला होता. ओळखीची खूण म्हणजे भुवईवरचा जुना व्रण. जाहिरात त्याच्या ताईने दिली होती. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. घरातला त्याचा एकमेव फोटो तिने वर्तमानपत्राच्या कार्यालयात, जाहिरातींच्या खिडकीवरच्या कारकुनाकडे दिला आणि माझे काम झाल्यावर तो तिथेच कुठेतरी गहाळ झाला.

जाहिरात आली त्या सकाळी ती अंक घेऊन खिडकीशी आली. कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

"त्याच्यासारखा दिसतो," ती म्हणाली, "पण आमचा वाटत नाही."

छापून आल्यावर सगळेच थोडे परके दिसतात, असे कारकुनाने तिला समजावले. तिने अंकाची घडी घातली. मग, मीच त्याचा चेहरा विसरायला लागले की काय, असे काहीसे स्वतःशी पुटपुटली. पडताळून बघायला तिच्याकडे फोटो नव्हता. ती पुन्हा पुन्हा जाहिरात देत राहिली. लागलो की मला खणातून काढत, काम झाले की पुसून परत टाकत.

तिचा भाऊ दुसऱ्या एका गावात, बसथांब्यामागच्या खानावळीत भांडी घासत होता. नाव विचारले तर नुसता बघत राही. खानावळीच्या मालकिणीने अंकातला फोटो पाहून त्याला उजेडात उभे केले होते. पण फोटोत व्रण उजव्या भुवईवर आणि याचा डाव्या. हा तो नव्हे, असे ठरवून तिने तो कागद फळीवर अंथरला आणि वर डबे मांडले. फळीजवळच दाढीचा आरसा टांगलेला होता. त्यात तो रोज एक अनोळखी चेहरा बघून गाल घोटत असे. एके दिवशी फळी पुसायला त्याने डबे उतरवले आणि आरशातला माणूस त्याला कागदावर दिसला. व्रणही त्याच बाजूला. साऱ्या जगात त्या एकट्यालाच तो फोटो बरोबर वाटला.

कागद घेऊन तो कार्यालयात आला. ताईला निरोप गेला. तिची पुढची जाहिरात लागायची होती म्हणून मी खिडकीवरच होतो. ती धापा टाकत आली, त्याच्या डाव्या भुवईवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "म्हणजे मी विसरले नव्हते."

"फोटोतला मी आहे, एवढं कळलं मला," तो म्हणाला. "पण तुम्ही कोण, ते आठवत नाही."

"असू दे," ती म्हणाली. "जेवलास का?"

त्याने नाही म्हटले. ती त्याला हाताला धरून घेऊन गेली. तेव्हा तरी मला काही वाटायला हवे होते. मी वाट पाहिली, पण काही वाटले नाही.

मित्रांनो, फोटो छापणे आता खूप सोपे झाले आहे. तरी कुणाचा चेहरा छापाल तेव्हा तो आधी त्याच्या घरच्यांना दाखवा. ते म्हणाले की आमचा वाटत नाही, तर त्यांची समजूत घालत बसू नका, पुन्हा एकदा बघा. ती बाई हे एकदाच बोलली आणि नंतर स्वतःवरच संशय घेत राहिली.

मी अजून खणातच आहे. भाऊ तिला अजूनही 'तुम्ही' म्हणतो, असे कानावर येते. पण दोन्ही वेळा जेवायला तिच्याकडेच बसतो.