आधी मला घरातून हलवा

मी कोयता बोलतोय. दचकू नका, सध्या मी भिंतीला टांगलेला आहे.

लोहाराने लालबुंद लोखंड घणाखाली बडवून मला घडवलं. मार खाऊनच जन्मलो, त्यामुळे मारायला कधी लाजलो नाही. किहीमच्या हरीने मला घेतलं आणि त्याच्या नारळी-पोफळीच्या वाडीत मी बारा वर्षं राबलो. हरी माणूस मऊ. बांधावरचं गवत कापतानाही बेडकाला जपायचा. मला हसू यायचं.

गेल्या दिवाळीनंतर त्याचं बिनसलं. आधी वाडीत येणं सुटलं, मग जेवण सुटलं, झोप उडाली. महिन्याने आला तो तोडतच सुटला. घोस लागलेल्या पोफळी मी धडाधड आडव्या केल्या. एकदा तर त्याने स्वतः लावलेला, नुकता फळाला आलेला माड धरला. आमच्याकडे फळता माड तोडणं म्हणजे पोर मारणं. प्रत्येक घावाला हरी ओरडत होता, "नालायक! कुचकामी!" शिव्या माडाला नव्हत्या, स्वतःलाच होत्या. बायको प्रमोदिनी अडवायला धावली, तेव्हा त्याने मला भिरकावलं. मी तिच्या कानाजवळून जाऊन दाराच्या फळीत रुतलो.

लोक म्हणाले, वाडीचा राखणदार कोपलाय. गुरवाने देवाला कौल लावला आणि कोंबडा द्यायचा ठरला. त्याची मान मीच उडवली. रक्ताचा सडा पडला, कोंबडा शिजला, मंडळी जेवून गेली. देवाला सगळ्यांनी विचारलं. खांबाला टेकून बसलेल्या, वाळून गेलेल्या हरीला मात्र कुणी काही विचारलं नाही.

आठवड्याने, भर दुपारी, हरी मला मांडीवर घेऊन विहिरीपाशी बसला होता. नारळ पाडायला आलेला विठोबा हातातला दोर टाकून त्याच्या शेजारी बसला.

"भाऊ, खरं सांगा. जीव द्यायचं मनात येतंय का?"

मला वाटलं, आता मी विठोबावर पडणार. पण हरी हमसून रडला. "रोज येतं रे."

"बरं झालं बोललात. माझ्या भावाचंबी असंच व्हतं. आमी भगत करत बसलो, डाक्टरकडं नेला न्हाय. गेला तो." विठोबाने मला हळूच काढून घेतलं आणि दारातल्या प्रमोदिनीकडे वळला. "ह्यो माझ्याकडं ऱ्हाईल. वैनी, रिक्षा बोलवा. मी हाय संगती."

अलिबागच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते प्रमोदिनीने नंतर विठोबाच्या ओटीवर सांगितलं. "हा नैराश्याचा आजार म्हणे. दोन आठवड्यांच्या वर झोप, भूक, कामातलं मन गेलं, की थांबायचं नाही. काही माणसं रडत नाहीत, चिडतात, तोडफोड करतात. आणि मी त्यांना माजलेत म्हणत होते हो!"

ती खूप रडली. गोळ्यांचा गुण दिसायला महिना-दीड महिना गेला.

तुमच्या घरात असा कुणी असेल, तर देवाला खुशाल विचारा, पण आधी त्याला विचारा, जीव द्यायचं मनात येतंय का. विचारल्याने नसतं काही डोक्यात भरत नाही, उलट मन मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरकडे न्या. आणि माझ्यासारख्याला त्या घरातून लगेच हलवा. मला दयामाया नाही. ज्याच्या हाती असेन, त्याचं मी ऐकतो.

काल हरी इथे, विठोबाकडे आला होता. चहाबरोबर दोन पाव खाल्ले. विठोबाने माझ्याकडे बोट दाखवलं, "नेता का, भाऊ?"

हरीने माझ्याकडे पाहिलं. "नको. अजून माझी मला खात्री नाही."

इतका शूर शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. राहा बाबा, जगून राहा. मी गंजलो तरी चालेल.